श्योनाकाचे फूल आणि वटवाघळाचे तेल

गेल्या श्रावणात काष्ठौषधींचे दुकान चालविणाऱ्या एका सभासदबंधूंनी आमच्यापुढे एक लहान बाटली आणून ठेवली. बाटलीवर वटवाघळाचे चित्र होते आणि खाली 'संधिवात, अर्धांग, दमा यांवर रामबाण' अशी ओळ छापलेली होती. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. सभासदबंधूंचा प्रश्न सरळ होता. "आठवड्यातून दोन-तीन गिऱ्हाईके हे तेल मागतात. नाही म्हटले तर बाजारच्या दिवशी रस्त्यावरून घेतात. मग आपणच दुकानात ठेवले तर काय बिघडले?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही, हे आम्ही येथे मोकळेपणाने नमूद करतो. काही वर्षांपूर्वी जानुसंधीच्या वेदनेने त्रस्त अशा एका वृद्ध रुग्णाने आपण वटवाघळाची कढवलेली चरबी चोळतो असे आम्हास सांगितले होते. तेव्हा आम्ही हसून "अपाय नसेल तर लावा" असे म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळलो होतो. ते उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते आणि वैद्य व औषधविक्रेते या नात्याने आपण सर्वांनी आज कोणते उत्तर द्यावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राधार काय?

प्रथम शास्त्राकडे पाहू. आयुर्वेदास जांगम द्रव्ये वर्ज्य नाहीत. शृंग, शंख, प्रवाळ, मधु, दुग्ध, घृत यांचा आपण नित्य उपयोग करतो. चतुर्विध महास्नेहांत घृत व तैलाबरोबर वसा आणि मज्जा यांचीही गणना आहे. तेव्हा कोणी चतुर वक्ता 'वसा शास्त्रोक्तच आहे, मग वटवाघळाची का नको?' असा युक्तिवाद करू शकेल. परंतु वातव्याधीसाठी आपल्या औषधशाळांत जी तेले पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध होत आली, त्या महानारायण, विषगर्भ, सहचर यांपैकी एकाच्याही पाठात वटवाघळाचे नाव नाही. रस्त्यावरील तेलाला पाठ नाही, मात्रा नाही, परीक्षा नाही. आतील चरबी कोणत्या प्राण्याची, तो निरोगी होता की रोगाने मेलेला, चरबीत कोणते सामान्य तेल किती मिसळले, हे विकणारासही ठाऊक नसते. द्रव्यपरीक्षा हा ज्या शास्त्राचा पाया आहे, त्याच्या अनुयायांनी अशा द्रव्यास आपल्या फळीवर स्थान द्यावे हे शोभणारे नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही हे खरे. तथापि विनापरवाना बनविलेले औषध विकणे हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अपराध आहे. वन्यजीवांच्या कायद्यातही आता मोठा पालट झाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात फलाहारी वटवाघळांना कावळे व उंदीर यांच्या पंक्तीस बसवून 'उपद्रवी' ठरविले होते, म्हणजे त्यांना मारण्यास कोणाची आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द केली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. त्या बाटलीस आज कायद्याचा कोणताही आधार उरलेला नाही.

पण केवळ कायद्याच्या भयाने जी गोष्ट टाळली जाते ती संधी मिळताच पुन्हा सुरू होते. यास्तव कारण अधिक खोलवर पाहिले पाहिजे.

दशमूळ, पंचवल्कल आणि वटवाघूळ

बृहत्पंचमुळातील श्योनाक, म्हणजे आपला टेटू, सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या तलवारीसारख्या दोन-तीन फूट लांब शेंगा आणि पातळ पंखांची बीजे आपण विद्यार्थिदशेत हौसेने जमविली असतील. त्याचे फूल मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच उमललेले पाहिले असेल, कारण ते अंधार पडल्यावर उमलते आणि पहाटेपूर्वी त्याच्या पाकळ्या गळून पडतात. बाहेरून जांभळट, आतून फिकट पिवळे, मांसल आणि उग्र वासाचे हे फूल पानांच्या वर उंच निघालेल्या दांड्यावर येते. फुलपाखरे व दिवसा हिंडणाऱ्या मधमाश्या यांच्यासाठी ही रचनाच नाही. मलेशिया व थायलंड येथील अभ्यासकांनी रात्री या फुलांवर पाळत ठेवली, तेव्हा मकरंदासाठी वटवाघळे तेथे येतात, फुलावर क्षणभर टेकून मकरंद चाटतात आणि अंगावर पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे जातात, असे आढळले. त्यांच्या भेटीविना शेंग धरणे दुरापास्त असते.

टेटूची अवस्था व्यापाऱ्यांस सांगावयास नको. मूळ काढले की झाड जाते. बाजारात श्योनाक म्हणून महारुखाची साल गळ्यात मारली जाते, ही तक्रार आपल्या अनेक बैठकांत झालेली आहे. आपण लागवडीचा आग्रह धरतो आणि तो योग्यच आहे. पण रानातील टेटूला शेंग धरावी यासाठी रात्री कोण राबतो, हा प्रश्न आपल्या बैठकीत कधी निघाला नाही.

श्योनाकाचे उदाहरण एकटे नाही. मोहाची गोड, मांसल फुले ज्या चैत्र-वैशाखात गळतात, त्याच रात्री फलाहारी वटवाघळे मोहावर तुटून पडतात. त्यांच्या येण्याजाण्याने मोहाचे परागण होते आणि फळे दूर नेऊन खाल्ल्याने बीजप्रसारही होतो, असे तमिळनाडूतील अभ्यासांतून दिसून आले आहे. मधूकपुष्पांचे आसव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या शाल्मलीचा निर्यास मोचरस म्हणून आपण वापरतो, तिच्या फुलांवरही वटवाघळे येतात. पंचवल्कलातील न्यग्रोध, उदुंबर, अश्वत्थ व प्लक्ष हे चारही वृक्ष एकाच कुळातील आहेत आणि त्यांची फळे हे वटवाघळांचे प्रमुख अन्न आहे. पक्षी बहुधा फांदीवर बसून विष्ठा टाकतो. वटवाघूळ उडता उडताच टाकते, त्यामुळे झाडी तुटलेल्या उघड्या माळावरही वड-उंबराचे बीज पोहोचते. व्रणधावनासाठी आपण ज्या सालींचा काढा करतो, त्यांपैकी कित्येक वृक्ष अशा रीतीने कोणाही माणसाच्या हाताविना लागले आहेत.

आता या प्राण्याची प्रजननगती पाहावी. आपल्याकडील मोठ्या वटवाघळाच्या मादीस सामान्यतः वर्षातून एकच पिल्लू होते. शेळी-कोंबडीच्या हिशेबाने ज्याकडे पाहिले जाते तो प्राणी वर्षाला एकाच्या दराने वाढतो. चरबीसाठी एका वडावरील शंभर जीव मारले, तर ती वस्ती पुन्हा उभी राहण्यास किती काळ लागेल याचे गणित कोणीही मांडावे.

निपाहचे वास्तव

येथवर वाचून काही वाचक म्हणतील, 'हे सर्व मान्य. पण वटवाघूळ हा रोगाचा वाहक आहे, त्याचे काय?' हा प्रश्न टाळून वटवाघळाची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून जे निश्चित ठाऊक आहे ते सांगतो.

निपाह हा विषाणू प्रथम १९९८-९९ मध्ये मलेशियात ओळखला गेला. तेथील एका खेड्याच्या नावावरून त्यास हे नाव पडले. फलाहारी वटवाघळांकडून तो डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत आला. सुमारे २६५ जणांना मस्तिष्कदाह झाला, १०५ दगावले आणि दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. भारतात जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये सिलिगुडी येथे ६६ जणांना लागण होऊन ४५ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी रोग ओळखता आला नाही. जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या परीक्षणावरून तो निपाह होता हे काही वर्षांनी सिद्ध झाले. तेथील बहुसंख्य रुग्णांना लागण रुग्णालयातच झाली होती, ही बाब वैद्यांनी विसरू नये. मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत १७ जणांचा बळी गेला. त्यांत पेरांब्रा येथील शासकीय रुग्णालयातील परिचारिका लिनी पुदुसेरी होत्या, ज्यांना रुग्णाची शुश्रूषा करताना लागण झाली. त्यानंतर २०१९, २०२१, २०२३, २०२४ व २०२५ मध्ये केरळात पुन्हा रुग्ण आढळले.

महाराष्ट्रही या नकाशाबाहेर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांपैकी काहींत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी महाराष्ट्रात निपाहचा एकही मानवी रुग्ण नोंदलेला नव्हता. यावरून दोन गोष्टी लक्षात याव्यात. वटवाघळाच्या शरीरात विषाणू असणे आणि गावात साथ असणे या भिन्न गोष्टी आहेत. आणि संशोधकांनी गुहेत उतरून हे कष्ट घेतले नसते, तर आपल्या डोंगरात काय आहे हे आपणास कळलेच नसते.

मग विषाणू माणसापर्यंत पोहोचतो कसा? बांगलादेशात त्याचा प्रमुख मार्ग सापडला तो खजुरीच्या कच्च्या रसाचा. रात्री रसासाठी झाडाला बांधलेल्या मडक्याशी वटवाघूळ येते, खाचेतून झिरपणारा रस चाटते, लाळ व मूत्र मडक्यात पडते आणि सकाळी तोच रस न उकळता प्यायला जातो. तेथील अभ्यासकांनी खाच व मडके बांबूच्या विणलेल्या पडद्याने झाकून पाहिले, तेव्हा वटवाघूळ रसापर्यंत पोहोचू शकले नाही. एका पडद्याने जे साधते त्यासाठी झाडावरील थवा मारण्याचे कारण राहत नाही.

आता पुन्हा तेलाकडे येऊ. कढवलेल्या चरबीतून गुडघ्यावर विषाणू येईल असे आम्ही म्हणणार नाही, कारण उकळीत तो टिकत नाही. धोका त्याआधीच्या टप्प्यावर आहे. जाळ्यात अडकलेले वटवाघूळ चावते, ओरबाडते. त्याचे रक्त, लाळ व मूत्र मारणाऱ्याच्या, सोलणाऱ्याच्या हाती लागते. नागालँडमधील मिमी येथे गुहेतील वटवाघळांची वार्षिक शिकार होत असे. तेथील शिकाऱ्यांच्या व वटवाघळांच्या रक्तात इबोलाच्या कुळातील विषाणूंशी प्रतिक्रिया दर्शविणारी प्रतिपिंडे आढळल्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तेथे साथ झाली नाही, हे सुदैव. परंतु दुकानातून एक बाटली खपली की रानात आणखी एक जाळे लागते, आणि ते लावणारा बहुधा अत्यंत गरीब माणूस असतो, ज्याला हातमोजाही मिळत नाही. वेदना गिऱ्हाइकाची, नफा विक्रेत्याचा आणि जोखीम त्या तिसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

मारून रोग जात नाही

साथीची वार्ता आली की गावोगाव वटवाघळांची झाडे तोडण्याची, फटाके लावून थवे उठविण्याची भाषा सुरू होते. २०१८ मध्ये केरळात पहिल्या बाधित कुटुंबाच्या विहिरीतील वटवाघळांवर संशय गेला; ती कीटकभक्षी निघाली व त्यांचे नमुने निर्दोष ठरले. २०२० च्या महामारीत तर आपल्या देशातील वटवाघळांचा संबंध नसताना त्यांच्यावर राग निघाला. तेव्हा एप्रिल २०२० मध्ये दक्षिण आशियातील ६४ वटवाघूळ-अभ्यासकांना एकत्र येऊन निवेदन काढावे लागले.

मारण्याचा प्रयोग एके ठिकाणी होऊनही गेला आहे. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग ज्वर झाला. त्यानंतर खाणीतील वटवाघळांचा समूळ संहार करण्यात आला. काही वर्षांनी तेथे नवी वटवाघळे येऊन राहिली. त्यांची तपासणी केली असता पूर्वी सुमारे ५ टक्के असलेले विषाणूबाधेचे प्रमाण १३ टक्क्यांवर गेलेले आढळले, आणि २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा परिसरात मारबर्गची साथ उद्भवली. जुनी, प्रतिकारशक्ती आलेली पिढी नष्ट झाली आणि तिची जागा नव्या, रोगग्राही प्राण्यांनी घेतली, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात.

याच्या उलट दाखला ऑस्ट्रेलियाचा आहे. तेथे फलाहारी वटवाघळांकडून घोड्यांत व क्वचित माणसांत जाणारा हेंड्रा विषाणू १९९४ मध्ये ओळखला गेला. तेथील संशोधकांनी पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला. हिवाळ्यात फुलणारी जंगले तुटल्याने भुकेलेली वटवाघळे शेतावर व घोड्यांच्या कुरणांत आली, तेव्हा घोड्यांत रोग उतरला. ज्या हिवाळ्यात उरलेल्या जंगलास भरघोस फुलोरा आला, त्या हिवाळ्यात वटवाघळे रानात परतली आणि रोग उतरणे थांबले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय जाणणाऱ्या वैद्यास यात नवल वाटू नये. वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीने अवघे जनपद एकाच वेळी रोगग्रस्त होते, हा सिद्धान्त तेथे आला आहे. दूषित देशाची लक्षणे सांगताना पशुपक्ष्यांचे समूह व्यथित होऊन सैरावैरा झालेले असतात, असेही वर्णन आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी फिरताना भगवान आत्रेय अग्निवेशास बजावतात की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. या सर्व विकृतीचे मूळ अधर्मात आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात आहे, असेही ते सांगतात. विषाणूचे ज्ञान त्या काळी नव्हते आणि ते होते असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. परंतु प्राण्यांची व्यथा आणि माणसांचा रोग हे एकाच बिघडलेल्या देशाचे फलित असू शकते, ही दृष्टी आपल्या परंपरेत आहे. भुकेल्या वटवाघळाकडे पाहताना ती आपल्या उपयोगी पडावी.

रोग माणसाकडूनही जातो

या विषयाची आणखी एक बाजू क्वचितच बोलली जाते. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत निद्रिस्त वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. थंड गुहेत वाढणारी ही बुरशी त्यांची शीतनिद्रा मोडते आणि अन्न नसलेल्या हिवाळ्यात ती उपासमारीने मरतात. युरोपातील वटवाघळे ही बुरशी सोसतात. ती अमेरिकेत बहुधा माणसाच्या पादत्राणांबरोबर वा साहित्याबरोबर पोहोचली, असे मानले जाते. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत लक्षावधी वटवाघळे मेली. याचा परिणाम कोठवर गेला पाहा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ज्या जिल्ह्यांत हा रोग पसरला तेथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढविला आणि त्याच जिल्ह्यांत बालमृत्यूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. कीटक खाणारा गेला, त्याच्या जागी विष आले आणि विषाची झळ अर्भकांना लागली.

आपल्याकडील उष्ण गुहांत तीच बुरशी येईल असे नाही. तथापि सह्याद्रीत काही वटवाघळांचे आश्रयस्थान किती अल्प आहे हे ध्यानी घ्यावे. खानापूरजवळ, गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या सीमाभागातील बारापेडे गुहा तेथील दुर्मीळ रॉटन वटवाघळासाठी जगभर ओळखली जाते. वनौषधींच्या शोधयात्रेत आपण विद्यार्थ्यांना घेऊन जातो, वाटेत गुहा लागली की टॉर्च लावून आरडाओरडा होतो. पिल्ले अंगाशी असलेल्या माद्या अशा वेळी उडाल्या तर पिल्ले खाली पडून मरतात. ही गोष्ट आम्हीही उशिरा शिकलो.

काही आक्षेप

बागायतदार सभासद विचारतील की चिकू व आंब्याचे नुकसान कोणी भरून द्यावयाचे? त्यांची हानी खरी आहे आणि ती नाकारणे अन्याय होईल. फळे झाकणारी जाळी हा उपाय सर्वांना परवडत नाही. त्यासाठी अनुदानाची मागणी आपल्या संघटनेने जरूर उचलून धरावी. पण झाडावर विष वा फास लावणे हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप असा की रस्त्यावर तेल विकणाऱ्याचे पोट त्यावर आहे. त्याचा उदरनिर्वाह आम्हासही हवा आहे. निर्गुंडी, एरंडमूळ, रास्ना, टेटूची बीजे यांची ओळख त्याला आपल्याहून अधिक असते. काष्ठौषधींच्या दुकानदारांनी त्याच्याकडून योग्य भावाने वनौषधी घेतल्या, तर वटवाघळाचे जाळे लावण्याची त्याची गरज कमी होईल.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. 'निपाहवर आमच्याकडे औषध आहे, भय कशाचे?' असे सांगणारे पत्रक साथीच्या दिवसांत फिरते. निपाहवर आजमितीस कोणतीही मान्यताप्राप्त लस वा विशिष्ट औषध नाही आणि बाधितांपैकी ४० ते ७५ टक्के दगावतात. अशा रोगावर अप्रमाणित दावा करणे म्हणजे रुग्णाचा मोलाचा काळ घालविणे होय. आयुर्वेदाची प्रतिष्ठा अशा पत्रकांनी वाढत नाही.

आपले कर्तव्य

आता करावयाचे काय, ते सांगून लेख आवरतो.

दुकानदारांनी वटवाघळाचे तेल ठेवू नये आणि मागणाऱ्यास केवळ 'नाही' म्हणून परत पाठवू नये. त्याच्या वेदनेची चौकशी करावी, परवानाप्राप्त व पाठाप्रमाणे सिद्ध केलेले तेल दाखवावे आणि जवळच्या वैद्याकडे पाठवावे. तो रस्त्यावर जातो तो गुडघ्याच्या दुखण्यामुळे. दुखणे ऐकून घेतले तर बाटलीचा आग्रह सुटतो, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे.

औषधशाळांनी कच्च्या मालाकडे पाहावे. वटवाघळांच्या वस्तीखाली गोळा केलेली साल, फुले व फळे धुऊन व निवडूनच घ्यावीत. अर्धवट कुरतडलेली फळे कितीही स्वस्त असली तरी टाकून द्यावीत. शिंदीचा रस अथवा नीरा रुग्णास सांगताना मडके रात्री झाकलेले होते काय, हे विचारण्याची सवय लावावी. श्योनाकाचे मूळ मागण्याआधी लागवडीच्या टेटूची सोय पाहावी आणि बागेत लावलेला टेटू फुलावर येण्याइतका वाढू द्यावा.

ग्रामीण भागातील वैद्यांवर अधिक दायित्व आहे, कारण तापाचा रुग्ण बहुधा प्रथम त्यांच्याकडे येतो. ताप व तीव्र डोकेदुखीबरोबर भ्रम, तंद्रा वा श्वासकष्ट दिसू लागले, आणि विशेषतः एकाच घरातील दोघा-तिघांस तसे झाले, तर घरी चिकित्सा करीत बसू नये. मुखपट्टी बांधावी, रुग्णाचे स्राव हाताळू नयेत, हात साबणाने धुवावेत आणि शासकीय आरोग्ययंत्रणेस तत्काळ कळवावे. सिंधुदुर्गातील वैद्यबंधूंनी २०१६ पासून माकडतापाच्या काळात रानात मेलेल्या माकडाची वार्ता कळविणे किती मोलाचे असते हे पाहिले आहे. वटवाघळे मोठ्या संख्येने मरून पडलेली दिसली, तर त्यांस हात न लावता वनविभाग व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे.

आणि गावातील ज्या वडावर वा देवराईत वटवाघळांची वस्ती आहे, ती तोडण्याचा ठराव ग्रामसभेत आला तर वैद्याने तेथे उठून बोलावे. तमिळनाडूतील पुलियांगुलम या गावी वडावरील वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून लोक दिवाळीतही फटाके उडवीत नाहीत. आपल्या गावी वैद्याच्या शब्दास अद्याप मान आहे. तो कशासाठी खर्च करावयाचा हे आपण ठरवावयाचे आहे.

ते सभासदबंधू बाटली परत घेऊन गेले ते ती फळीवर न ठेवण्याच्या निश्चयाने. त्यांच्या दुकानामागील परसात टेटूचे एक जुने झाड आहे. यंदा पावसाळ्यात रात्री कंदील मालवून त्याच्या फुलांकडे पाहत बसण्याचे त्यांनी आम्हास निमंत्रण दिले आहे आणि आम्ही ते आनंदाने स्वीकारले आहे.